रत्नाकरराव काशीबाहेर जातात

रामघाटाच्या गल्लीत रत्नाकररावांचं नाव निघालं की लोक आदरानं मान हलवत, आणि पाठीमागे जरा हसतही. बँकेतून निवृत्त होताच त्यांनी आणि पद्माबाईंनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. इथे मरण आलं की सुटका, पुन्हा जन्म नाही. पुतण्याचं पुण्यातलं लग्न झालं, धाकट्या भावाचं बारावं झालं, पण ही दोघं जागची हलली नाहीत. पुलापलीकडे रामनगरात मेला तो गाढवाच्या जन्माला जातो, असं काशीत मानतात. त्यामुळे रत्नाकरराव पुलाकडे फिरकतसुद्धा नसत.

मागच्या कार्तिकात पद्माबाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, लखनौला हलवा. कागदावर सही रत्नाकररावांनीच केली, पण ॲम्ब्युलन्समध्ये ते चढले नाहीत. व्रत होतं ना! बरोबर गेली ती काशीतच राहणारी पद्माबाईंची भाची निवेदिता. जौनपूर सोडल्यावर, रस्त्यातच, पद्माबाई गेल्या. मध्ये क्षणभर शुद्धीवर येऊन त्यांनी विचारलं होतं, "हे कुठे आहेत?" निवेदितानं हे पोटात ठेवायला हवं होतं, पण तिला ते जमलं नाही.

त्यानंतर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. दूधवाल्याशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी. दुपारी रत्नाकरराव आतल्या खोलीकडे तोंड करून "चहा टाकू का?" असं विचारत आणि मग एकच कप टाकत. एका शनिवारी निवेदिता सहज म्हणाली, उद्या पुलापलीकडे, चकियाच्या डोंगरात धरणाच्या तळ्यावर कयाक चालवायला जातेय, येता का? ते हो म्हणाले, तेव्हा तीच गडबडली. शेजारच्या दत्तात्रेय गुरुजींनी आधी कपाळावर हात मारला, मग स्वतःच तोडगा काढला. संध्याकाळी परत या, प्रायश्चित्त करू, व्रताचा नवा संकल्प करू, काही बिघडत नाही. तो नवा संकल्प आपल्याला हवा आहे की नको, एवढं मात्र रत्नाकररावांना कळत नव्हतं.

तळ्यावर माघातलं ऊन पडलं होतं आणि तिन्ही बाजूंना विंध्याचे बुटके डोंगर होते. कयाक दोघांची. पुढे नारिंगी जाकिटात रत्नाकरराव, मागे निवेदिता. बसताना त्यांनी सवयीनं पाणी डोळ्यांना लावलं, मग ही गंगा नव्हे हे आठवून ओशाळले. वल्हं ते एकाच बाजूनं मारत होते.

"आतोबा, दोनों साइड मारा, नाहीतर गोल-गोल फिरत राहू," निवेदिता म्हणाली.

वाळक्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून ऊन खात होता. खडकावर कासवं चढून बसली होती. कयाक जवळ येताच ती एकेक करून पाण्यात घरंगळली. वळण घेतलं तर समोर सांबराची मादी पाडसाला घेऊन पाणी पीत होती.

"पद्मा, ते बघ," रत्नाकरराव हळूच म्हणाले.

निवेदितानं वल्हं मांडीवर घेतलं. रत्नाकररावांना रडू कोसळलं. घरात इतके महिने आलं नव्हतं, ते इथे आलं, आणि त्यांनी ते आवरलंही नाही. सांबराच्या मादीनं एकदा मान वर केली आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं.

बऱ्याच वेळानं निवेदितानं आठवण केली की आता निघायला हवं, गुरुजी तयारी करून बसले असतील.

"त्यांना फोन कर," रत्नाकरराव म्हणाले. "म्हणावं, तयारी आवरून ठेवा. मला नवा संकल्प करायचा नाही."

इतक्या वर्षांचं व्रत असं कसं सोडता, असं ती विचारू लागली. त्यांनी तिला बोलू दिलं, मग पाण्याकडे बघतच उत्तर दिलं.

"ती काशीबाहेर गेली, म्हणजे तिला पुन्हा जन्म घ्यावा लागणार. मी काशीत बसून सुटलो, तर तिची माझी गाठ कायमची चुकली. एकदा तिला एकटी पाठवली मी, निवेदिता. आता नाही पाठवणार."