बायकांच्या रांगेतून आलेलं उत्तर

"साहेब, इमानवाल्या ताई गेल्या वो..."

कंपनीच्या गेटवर फोन घेणारा रहाटणीचा धोंडिबा धावत शॉपमध्ये आला आणि मशीनच्या आवाजावर ओरडून मला हे म्हणाला. इमानवाल्या ताई म्हणजे माझी धाकटी बहीण कुमुद. चिंचवडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. काविळीचं निमित्त झालं आणि अडतिसाव्या वर्षी ती गेली. त्याला आता दीड महिना झाला. धोंडिबाने जन्मात विमानाला हात लावला नव्हता, पण कुमुद कोण हे त्याला बरोबर ठाऊक होतं. ते जिथे सांगायला हवं होतं तिथे मी, तिचा सख्खा थोरला भाऊ, गप्प बसलो. तिचे गुण वाचायला मिळतील म्हणून कुणी हे हाती घेतलं असेल, तर त्याला माझेच अवगुण जास्त वाचावे लागतील. त्याला माझा इलाज नाही.

विमानाचं वेड खरं तर आधी माझं. हवाई दलाने डोळ्यांच्या नंबरावरून मला परत पाठवलं तेव्हा आठ दिवस मी घराबाहेर पडलो नव्हतो. मग पिंपरीत नोकरी लागली, चष्म्याचा नंबर वाढला आणि मी विमानाचं नाव टाकलं. कुमुदने ते उचललं. शिष्यवृत्ती मिळवून ती पुण्याच्या फ्लाइंग क्लबात दाखल झाली. रविवारी सकाळी सायकलवर टांग मारून निघायची, दुपारी उन्हाने तांबडी होऊन परतायची आणि ताटातल्या पोळीवर बोट फिरवत वळण कसं घ्यायचं ते मला समजावायची. आई म्हणायची, "अगं, आधी ती पोळी खा, मग उडव." मी मात्र कान देऊन ऐकायचो. तिला परवाना मिळाला तेव्हा मी शॉपमध्ये पेढे वाटले. ऊर भरून आला होता, आणि पोटात दुखतही होतं. दोन्ही खरं.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा मे महिना. शाळेला सुट्टी लागली होती. एक दिवस ती म्हणाली, "दादा, क्लबचं विमान चार दिवस मिळतंय. रत्नागिरीला उतरू, मामाची फियाट घेऊ आणि समुद्राकाठाने मालवणपर्यंत जाऊन येऊ. विमान मी चालवते, गाडी तू चालव." इतकी सरळ वाटणी होती. विमान म्हणजे दोन माणसांचं पुष्पक. शेजारी शेजारी दोन खुर्च्या आणि दोघांच्याही पुढ्यात चालवायची दांडी. तिने माझ्यासाठी मुद्दाम पिंपरीवर एक चक्कर मारली. "तो बघ तुझा शॉप!" मी बघितलं आणि डोळे मिटले. सह्याद्री ओलांडताना गचके बसू लागले तेव्हा ती नाट्यगीत गुणगुणत होती आणि मी रामरक्षा म्हणत होतो.

रत्नागिरीच्या धावपट्टीवर पाचपन्नास माणसं जमली होती. मामा स्वतः परगावी होता; पुण्याहून भाचरं विमानाने येणार एवढीच बातमी तो गावभर करून गेला होता. विमान थांबलं, कुमुद खाली उतरून चाकांना लाकडाच्या पाचरी लावायला वाकली. मी चष्मा सारखा करत बाहेर आलो, आणि समोरून एका शाळेचे हेडमास्तर हार घेऊन आले. तो हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलंही होतं... पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि हवाई दलाने परत पाठवलेल्या माणसाला वीस वर्षांत असा हार कुणी घातला नव्हता. हेडमास्तर कौतुकाने म्हणाले, "आणि ताईंना भय नाही हो वाटलं?" कुमुद हात झटकत उभी राहिली होती. तिने माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती. मी म्हणालो, "छे, सवय आहे तिला."

सगळे हसले. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात 'वैमानिकांशी गप्पा' ठेवल्या गेल्या. रात्रभर मला वाटत होतं की ती भांडेल, आणि एकदाची ती भांडली तर मी सुटेन. ती भांडली नाही. सकाळी मी व्यासपीठावर बसलो, ती उजवीकडे बायकांच्या रांगेत. पोळीवर शिकलेलं सगळं मी खुलवून सांगितलं. मग मच्छीमार होडीच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने हात वर केला. "साहेब, वारा आडवा सुटला तर उतरवता कसं?"

मला येईना. चष्मा पुसून झाला, पाणी पिऊन झालं. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून यायचं, आणि चाकं टेकायच्या आधी सरळ करायचं."

तांडेल खूश झाला. होडीही बंदरात तशीच आणतात म्हणे. आणि हेडमास्तर उद्गारले, "वा वा! हा संगतीचा परिणाम बरं का!" सभा हसली. मीही हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

पुढे आम्ही फियाटने निघालो. राजापूरच्या अलीकडे मीच न राहवून म्हणालो, "सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर बिचाऱ्यांची फजिती झाली असती गं."

"कुणाची, दादा?" तिने खिडकीबाहेर बघतच विचारलं.

सहल तिने नासू दिली नाही. देवगडला आंबे चोखले, मालवणला चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिली, लाट आली की लहानपणासारखी ओरडली. तिला आनंदात बघून मी स्वतःची समजूत काढली की काही बिघडलेलं नाही. किती सोयीची समजूत! परतीच्या वाटेवर, घाट मागे पडल्यावर, तिने अचानक दांडीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "वैमानिकसाहेब, धरा." मी धरली. दोन्ही मुठी आवळून नुसता समोर बघत राहिलो. तिने शांतपणे दांडी परत घेतली आणि पुण्याला विमान अलगद उतरवलं. पुढे चार-पाच वर्षं आम्ही रोज बोललो, सणवार केले. मला माफी मागायला जमलं नाही. तिनेही मी ती मागावी असं कधी म्हटलं नाही.

गेल्या पंधरवड्यात तिच्या शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापिका नव्या आहेत. कुमुद स्वतःबद्दल चार शब्द बोलणाऱ्यातली नव्हती. तिच्या शाळेतल्या कपाटात त्यांना रत्नागिरीचा फोटो सापडला होता, मागे हेडमास्तरांच्या अक्षरात 'वैमानिक बंधूंसह' असं लिहिलेला. त्यांनी तो सभेला दाखवला. "बंधूंमुळेच बाईंना विमानाची गोडी लागली असणार," असं म्हणून त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी उभा राहिलो. शंभरेक मुली बघत होत्या. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही... लोकांना वाटलं, गळा दाटून आला. कुणीतरी पाठीवर हात ठेवून मला खाली बसवलं.

दोनदा हे करणाऱ्या माणसाला भित्रा म्हणावं की चोर, मला ठरवता येत नाही. म्हणून इथे छापून सांगतो. विमान कुमुद चालवत होती. मी शेजारी डोळे मिटून बसलो होतो. हार तिचा होता.

परवा तिची खोली आवरताना उड्डाणांची नोंदवही हाताला लागली. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ, बारीक, सरळ अक्षरात. असल्या वहीत खोटं लिहायचं नसतं, असं ती सांगायची. रत्नागिरीची ओळ शोधायला मला धीर गोळा करावा लागला. जातानाच्या नोंदीत वैमानिक म्हणून तिचं नाव, प्रवासी म्हणून माझं. तक्रारीचा शब्द नाही. त्याखाली परतीची नोंद: एक तास चाळीस मिनिटं. आणि शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिलेलं: 'पैकी अर्धं मिनिट दादाने चालवलं.'

त्या अर्ध्या मिनिटात विमान खाली खाली चाललं होतं. तेवढं मात्र तिने लिहिलेलं नाही.