डोक्याला पुसलेला अंगठा

"मामा, अंगठा डोक्याला पुसा जरा. तेल लागू दे. मग घेतंय मशीन."

गॅस एजन्सीच्या काउंटरमागचा मुलगा हे म्हणाला तेव्हा त्याची नजर मोबाइलवर होती. काउंटरच्या अलीकडे माझे वडील उभे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. केवायसी केली नाही तर सिलिंडर बंद होईल, असा मेसेज आला होता. फोन लावला तर आधी गाणं, मग 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा गाणं. म्हणून आम्ही स्वतः आलो होतो.

"सही करतो की," आप्पा म्हणाले. पेन त्यांनी काढलंच होतं.

"सही चालत न्हाय आता. अंगठाच लागतोय."

आप्पांनी अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. रुमालानं पुसून पुन्हा ठेवला. लाल. मुलगा पुन्हा म्हणाला, डोक्याला पुसा. आप्पा हलले नाहीत.

मागून कोणीतरी ओरडलं, "आटपा की पावणं! ऊन वाढलंय."

तेव्हा मुलानं मान वर केली. हसला. "मामा, तुमचा अंगठाबी अडाणी हाय की वो. मशीनला वाचताच येईना."

रांग हसली. वाईट हेतूनं नाही. उन्हात उभं राहून कंटाळलेल्या माणसांना हसायला काहीतरी मिळालं, एवढंच. त्या हसण्यात कॉलेजच्या सॅका होत्या, गाडीच्या किल्ल्या फिरवणारी बोटं होती.

आप्पांचा हात वर गेला. कानामागच्या पांढऱ्या केसांवर त्यांनी अंगठा घासला. काचेवर टेकवला. हिरवा दिवा.

"झालं बघा! उगंच लाजत हुता."

आप्पांनी पेन खिशाला लावलं. टोपण लावायला विसरले. शर्टावर शाई पसरत गेली आणि त्यांना ते कळलं नाही.

रांगेतल्या लोकांनी एक म्हातारा डोकं खाजवताना पाहिला. मी काय पाहिलं, ते सांगायला मागं जावं लागेल.

आप्पा तरुणपणी फौंड्रीत साचे भरायचे. काळी वाळू, वितळलेलं लोखंड. पगाराच्या दिवशी मुनीम शाईचं पॅड पुढं सरकवायचा. ज्याला सही येत नाही, त्यानं अंगठा उठवायचा. उठवल्यावर हात पुसायला टेबलावर एक फडकं असायचं. ते आमच्या वस्तीतल्या माणसांनी घ्यायचं नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. बाकीचे फडक्याला पुसायचे, आमची माणसं डोक्याला.

एकदा आप्पांनी फडक्याकडे हात नेला. मुनीम म्हणाला, "ए, डोक्याला पूस. तुझं डोकं तेवढ्याच कामाचं हाय."

हे वाक्य आप्पांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं. मुनिमाच्या आवाजात, जसंच्या तसं.

त्याच दिवशी संध्याकाळी ते बुद्धविहाराशेजारच्या वाचनालयात गेले. एक खोली, वर पत्रा. जागा महापालिकेची, भिंती वस्तीनं श्रमदानानं बांधलेल्या. तिथं मोठ्या माणसांचा वर्ग चालायचा. साचे भरून आलेल्या हातात पेन्सिल टिकायची नाही, मोडायची. तरी ते जात राहिले. आणि एका पगाराला पॅड पुढं आलं तेव्हा त्यांनी ते परत सरकवलं. पेन स्वतःचं नेलं होतं, कारण मुनीम आपलं पेन देणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावासकट. मुनीम पेन चालताना बघत राहिला.

तेव्हापासून पेन खिशात. आणि घरात एक नियम. अंगठा डोक्याला लावायचा नाही. आम्ही भावंडं तेलसुद्धा चार बोटांनी लावायचो. आई हसायची, "तेलानं काय घोडं मारलंय?" पण तिच्याही अंगठ्याला कधी तेल दिसलं नाही.

फौंड्रीच्या वाळूनं आप्पांच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या. त्या पुसलेल्या अंगठ्याला एका पोरानं अडाणी म्हटलं. आणि आप्पांनी तो डोक्याला पुसला.

घरी येऊन ते मोरीत बसले. भर दुपारी, साबणानं, पुन्हा पुन्हा केस धूत राहिले. मी बाहेर उभी होते. पाण्याचा आवाज थांबत नव्हता.

त्या उन्हाळ्यातच आप्पा गेले.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी सिस्टर कागद घेऊन आल्या. आप्पांच्या हातात बळ नव्हतं. "अंगठा घ्या पेशंटचा, चालतंय," त्या म्हणाल्या. घाई होती त्यांना. आप्पांनी मान हलवली. नाही. मी पेन त्यांच्या बोटांत धरलं. पहिलं नाव झालं. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर झालं. मग पेन घसरलं आणि कागदावर एक लांब रेघ गेली. खाली मी सही केली. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचायचं, चूक दिसली की खूण करायची. दिवसभर बोलावं लागत नाही. मला ते बरं वाटतं. आप्पा गेल्यावर तर बोलणं जवळजवळ थांबलंच.

आप्पांचा जलदान विधी झाला. मागून आणलेली पातेली परत द्यायची राहिली होती. अशात प्रभागाच्या ग्रुपवर मेसेज आला. पाठवणारा संग्राम. आमच्या भागातल्या मंडळाचा अध्यक्ष, सगळ्यांच्या कामाला धावणारा, बुलेटवर फिरणारा.

'आनंदाची बातमी! वाचनालयाच्या जागेत एसी सुविधा केंद्र. आधार, केवायसी, रिचार्ज एकाच छताखाली. ठराव सोबत जोडला आहे. संमती असेल त्यांनी फक्त अंगठा द्या.'

अंगठे पडू लागले. माझा चहा निवेपर्यंत पडद्यावर अंगठेच अंगठे. पिवळे, गुळगुळीत, एकाही रेषेशिवाय. त्यात शिक्षक होते. बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते. आणि माझा धाकटा भाऊ होता. तो पुण्यात इंजिनियर आहे. आप्पांनी त्याच खोलीत त्याचा हात धरून पाटी गिरवून घेतली होती.

मी त्याला फोन केला. "ठराव वाचलास?"

"कोण वाचतंय गं अक्का एवढं? सगळ्यांनी दिला, मीपण दिला."

मी फोन ठेवला. आधी आप्पांच्या आठवणीनं रडू आलं. मग राग आला, आणि रडू थांबलं.

पूर्वी आमच्याकडून अंगठा घेत. अक्षर आमच्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं म्हणून घेत. आता अक्षर आहे. पदव्या आहेत, भिंतीला फ्रेम करून लावलेल्या. आणि अंगठा आम्ही आपणहून देतो, न मागता, हसत. 'मी वरील अटी वाचल्या आहेत व मला मान्य आहेत.' हे खोटं आपण रोज बोलतो. त्याला आपण सोय म्हणतो. घरपोच मागवलेल्या मिसळीचा कट थंड आला तर एक तारा देऊन खाली परिच्छेद लिहितो. प्रभागाची बैठक असली की खुर्च्या रिकाम्या. आपल्याला गिऱ्हाईक म्हणून झालेला अपमान लगेच कळतो. नागरिक म्हणून होतो तो कळत नाही, कारण तो वाचावा लागतो.

मी ठराव उघडला. वाचला. पुन्हा वाचला.

रविवारी सकाळी वाचनालयातच बैठक होती. आप्पा रोज वाचायला बसायचे ती खिडकीजवळची जागा मोकळी होती. मी तिथं बसले नाही. मागं बसले.

संग्राम उभा राहिला. "ग्रुपवर बहुमत झालंय. चहा घेऊया आणि उठूया."

"मी अंगठा दिलेला नाही," मी म्हणाले.

माना वळल्या. मला बैठकीत बोलताना कोणी ऐकलंच नव्हतं.

"मग द्या की आता, ताई. दाबायचं तर हाय."

"आधी वाच. मोठ्यानं."

"सगळ्यास्नी पाठवलाय की."

"पाठवलाय. कुणी वाचलाय?"

बँकेचे साहेब पंख्याकडे बघू लागले. संग्रामनं मोबाइल काढला. तो पदवीधर आहे. त्याच्या पदवीचा बोर्ड चौकात लागला होता.

"सदर... वास्तू दीर्घ... मुदतीच्या भाडे... भाडेपट्ट्यानं खाजगी चालकास हस्तां... हस्तांतरित करून तेथील ग्रंथ... संपदा निर्... निर्ले..."

"निर्लज्ज म्हण की!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा.

"निर्लेखित," मी म्हणाले. "म्हणजे पुस्तकं रद्दीत घालायची. आणि ही खोली आपली राहणार नाही."

हशा थांबला. भिंतीला टेकून हौसाकाकू बसली होती. आप्पांच्या बरोबरच तिनं इथं अक्षरं गिरवली होती. ती म्हणाली, "आं? माझ्या फोनवरनं नातवानं दाबला तो अंगठा ह्योच व्हय?"

"काकू, तसं न्हाय ते." संग्रामचा आवाज चढला. मग तो माझ्याकडे वळला. "ताई, खरं सांगा. इथं वाचाय येतंय कोण? उंदरं येत्यात. तीबी पुस्तकं खाऊन जात्यात."

पुन्हा हशा. या वेळी मोठा. आणि त्याचं खरं होतं. तेच लागलं मला. शेवटचा रोज येणारा वाचक आम्ही नुकताच जाळून आलो होतो.

"घरात दुखवटा हाय म्हणून ऐकून घेतोय," संग्राम म्हणाला. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही. एका अंगठ्यासाठी अडाण्यागत अडून बसलाय."

अडाण्यागत.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मला जाणवलं, माझा हात वर गेलाय. कानाशी. अंगठा केसांना टेकायला आलाय. लाजेनं. कोणी सांगितलं नव्हतं पुसायला. मुनीम नव्हता, काउंटर नव्हता. हात आपला आपण वर गेला होता.

तेव्हा कळलं, त्या दुपारी आप्पांना काय झालं होतं. आणि हेही, की फडकं कुणी घ्यायचं आणि कुणी नाही, हे अजून आमच्या हातांना पाठ आहे.

मी हात खाली घेतला. पर्समधून आप्पांचं पेन काढलं.

"लिहा. माझा विरोध. मी सही करते."

"ग्रुपवर विरोधाचं बटण न्हाय, ताई."

"म्हणून तर सही."

कोणी हसलं नाही. एका वहीचं पान फाडून मीच दोन ओळी लिहिल्या, मोठ्यानं वाचल्या आणि खाली सही केली. माझं नाव, आप्पांचं नाव, आडनाव. हौसाकाकू उठली.

"माझाबी अंगठा काढ रे संग्राम."

"आता निघत न्हाय, काकू."

"निघत न्हाय कसा? माझा हाय न्हवं?" तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. अक्षरं विसरत चालली होती तिची. 'हौ'च्या दोन मात्रा तिनं एकदा देऊन खोडल्या, मग पुन्हा दिल्या. सगळी खोली त्या दोन मात्रांसाठी थांबली होती.

दोनच सह्या झाल्या. बँकेच्या साहेबांनी बाहेर आल्यावर माझ्या कानात सांगितलं, "तुमचं बरोबर होतं." सही केली नाही. लेखी विरोध आला म्हणून ठराव पुढच्या बैठकीवर गेला. रद्द झालेला नाही. भावानं आपला अंगठा अजून काढलेला नाही. निघतो का, तेही त्यानं बघितलेलं नाही.

परवा मी गॅस एजन्सीत गेले. कनेक्शन आप्पांच्या नावावरून माझ्या नावावर करायचं होतं. तोच मुलगा. त्याला मी आठवले नाही.

"अंगठा लावा ताई."

"कशाला लावायचा, ते आधी वाचायला द्या."

"इंग्लिशमध्ये हाय ते."

"मग मराठीत द्या."

"असं कोण मागत न्हाय वो."

"मी मागते."

मागं रांग होती. ओरडणारे ओरडले. मी अंगठा लावला नाही. त्यानं माझं काम बाजूला ठेवलं. सिलिंडर संपला आहे. विजेच्या शेगडीवर भात होतो, भाकरी होत नाही. चालेल.

वाचनालयाची किल्ली आता माझ्याकडे आहे. दर रविवारी दार उघडते. ग्रुपवर आलेला प्रत्येक ठराव, प्रत्येक नोटीस, प्रत्येक अट खुर्चीवर उभी राहून मोठ्यानं वाचते. कधी हौसाकाकू असते. कधी नुसत्या खुर्च्या असतात. पुढच्या बैठकीत तो ठराव पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला जाईल. संग्रामनं वाचला नाही तर मी वाचेन. मधेच चहा आला तर चहा थांबेल.

मशीन लाल दिवा दाखवील. दाखवू दे. हा अंगठा डोक्याला पुसला जाणार नाही. वाचल्याशिवाय कशालाच लागणार नाही.