तीन टबांचं पाणी

शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. त्यापुढचं वाचायला मला बाटल्यांवरच्या लेबलांनी शिकवलं. अकोल्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी कितीतरी वर्षं काचेची भांडी धुतली. काचेची भांडी म्हटलं की लोकांना वाटतं चहाचे ग्लास. नाही हो. लांब मानेचे फ्लास्क, बारीक नळ्या, आणि ब्युरेट म्हणजे एक हातभर लांब नळी, खाली तोटी असलेली, थेंब थेंब मोजून सोडायला.

वऱ्हाडात तेव्हा शेतीचे दिवस वाईट होते. आमच्याकडची बहुतेक पोरं-पोरी मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या कास्तकारांच्या घरची. घरून त्यांना एकच सांगणं असायचं, वावराकडे वळून पाहू नको, कुठंही चालेल असा कागद घेऊन ये. आता कुठंही चालेल असा कागद काही झाडाला लागत नाही. म्हणून आमच्या विभागप्रमुख सरांनी परदेशातल्या एका संस्थेचं मानांकन आणायचं मनावर घेतलं.

मला वाटलं, त्या संस्थेची माणसं येतील, इमारत पाहतील, चहा पिऊन जातील. रंगकाम सुरू झालं तेव्हा तर खात्रीच पटली. पण त्यांनी आधी पाठवलेली यादी मॅडमनी वाचून दाखवली तेव्हा मी चाटच पडले. तराजू कोण तपासतं, कधी तपासतं, भांडी कोण धुतं, कशी धुतं!

"माह्यं धुणं पाहाले माणसं समुद्रापलीकडून येऊन राहिले?" मी म्हटलं.

या मॅडम रसायनशास्त्राच्या, बाळापूरच्या. मला मौसी म्हणायच्या. "हसू नका मौसी," त्या म्हणाल्या. "फ्लास्कमध्ये कालचं थोडं जरी राहिलं ना, तर आजचं मोजमाप चुकतं. पोरगं चुकीचं शिकतं. उद्या तेच पोरगं दवाई बनवणार."

हे मला एकदम पटलं. आणि त्या दिवसापासून जी उत्सुकता लागली ती लागलीच. एका गोळीसाठी वीस गोळ्या काहून तोलता? तराजू दगडी ओट्यावरच काहून ठेवता? मॅडम सांगायच्या, मी पुन्हा विचारायची.

मग एक दिवस त्यांनी माझ्या कामाचा इंग्रजी कागद वाचला. तो कोणी कधी लिहिला, कोणाला ठाऊक नव्हतं. त्यात होतं, प्रत्येक भांडं वाहत्या नळाखाली तीन वेळा धुवावं, मग शुद्ध पाण्यानं खंगाळावं.

"वाहता नळ?" मी म्हटलं. "हा कोण्या गावचा कागद आहे?"

अकोल्याचा नळ तेव्हा आठ आठ दिवस यायचा नाही. मी धुवायची तीन टबांत. पहिल्यात साबण लावून मळ निघायचा, दुसऱ्यात उरलंसुरलं, तिसऱ्यात स्वच्छ. मग बाटलीतल्या शुद्ध पाण्याची एक धार. संध्याकाळी पहिल्याचं पाणी झाडांना, दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात. घरी आम्ही सगळ्याच बाया असंच करायचो, यात मी काही शोध लावला नव्हता.

सरांच्या कानावर हे गेलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "हे पहा बाई, त्या दिवशी टँकर बोलावतो. टाकी भरलेली राहील. नळ सोडायचा, कागदात आहे तसं धुवायचं, विचारलं तर हो म्हणायचं. इथं चुकलं तर मानांकन गेलं, अन् मग तुमची रोजंदारी मी कोणत्या तोंडानं वाचवू?"

मी हो म्हटलं. घरी पगार आणणारी मी एकटीच होते.

तिघं आले. दोन आपल्याकडचे साहेब आणि एक बाहेरची बाई, माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची, पायात साध्या चपला. साहेब कपाटं पाहत राहिले. बाई थेट माझ्या मोरीपाशी आली. मॅडम मधे इंग्रजीचं मराठी करून सांगायला उभ्या, सर मागे.

मी नळ सोडला. काय धार होती! फ्लास्क खाली धरला आणि माझ्या डाव्या हातानं, मला न विचारता, पायाशी पालथा ठेवलेला टब सुलटा करून धारेखाली सरकवला. इतकं पाणी वाया जाताना हात ऐकेचना.

बाईनं टबाकडे बोट केलं. मॅडमनी विचारलं, "मौसी, त्या विचारतात, हा टब कशाला?"

सरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. त्यांनी हो म्हणायला सांगितलं होतं, पण हा हो-नाहीचा सवालच नव्हता, तर हो कशाला म्हणू?

"पाणी धराले," मी म्हटलं. "नळ आज आहे. उद्या नाही राहत."

मग सगळंच सांगितलं. मॅडमनी एक शब्द गाळला नाही, हे मला त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं.

बाईनं पुढं विचारलं, भांडं स्वच्छ झालं हे कसं ओळखता? मी फ्लास्क खिडकीशी पालथा धरला. काच स्वच्छ असली की पाणी पदरासारखं एकसंध उतरतं. मळ असला की थेंब अडकून बसतात. तिनं तो हातात घेऊन स्वतः पाहिला, मान हलवली. मग म्हणाली, पण तुमची टबांची पद्धत कोणी तपासून पाहिली आहे का?

कोणीच नव्हती. मीही नाही.

मानांकन लांबलं. कागद आणि काम एक करा, काम तपासा, मग बोलवा, असं संस्थेनं कळवलं. मी रोज वाटच पाहत होते, आज सर सांगतील, उद्यापासून येऊ नका.

मॅडमनी मात्र पोरांना कामाला लावलं. माझ्या धुतलेल्या भांड्यात शुद्ध पाणी घ्यायचं, ते चिनीमातीच्या पांढऱ्या बशीत आटवायचं, मागे काही उरतं का बघायचं. फ्लास्क सगळे पास. ब्युरेट नापास! बशीच्या कडेला तुपकट कडं.

मला फार लागलं. पण त्याहून जास्त, ते आलं कुठून, हे जाणून घ्यायचं होतं. दोन दिवस मी टबांत बोटं फिरवत बसले. तिसऱ्या दिवशी पहिल्या टबाचा काठ बुळबुळीत लागला. ब्युरेटची तोटी सहज फिरावी म्हणून पोरं तिला ग्रीस लावायची. ते ग्रीस पाण्यावर तरंगायचं आणि पुढची नळी बुडवली की तिला चिकटायचं. फ्लास्क मी आधीच धुवून काढायची, म्हणून ते सुटले. म्हणजे माझं वाचवलेलं पाणीच घात करत होतं.

"मॅडम, ब्युरेट टबात नाही घालाच्या," मी सांगितलं. "तोटी काढा, पुसा, गरम सोड्याच्या पाण्यानं वेगळ्या धुवा."

तसं धुतलं. बश्या कोऱ्या निघाल्या. सरांनी नवा कागद लिहायला घेतला तेव्हा मला समोर बसवलं. "हं, सांगा बाई, पहिल्या टबात काय?" मराठीतच लिहिला, मग मॅडमनी इंग्रजी केला.

दुसऱ्या खेपेला एक वेगळेच गृहस्थ आले. त्या दिवशी टँकर बोलावला नव्हता. त्यांनी आधी नळ फिरवला. आतून नुसती हवा फुसफुसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवर लावलेल्या आमच्या नव्या कागदाकडे. पहिलीच ओळ होती, नळाला पाणी नसेल असं धरून चालावं.

त्यांनी पेन काढलं आणि मला म्हणाले, करा सुरू.