आधी घर दाखव, मग चहा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला पाइप दाखवत होतो. दादा एवढंच म्हणाला, "सुमन उठंना झालीया. ये." घरी पोचलो तर वहिनी शांत निजलेल्या, आणि खिडकीजवळ त्यांचा कॉम्प्युटर तसाच चालू. पडद्यावर गगनबावड्याकडचं हिरवंगार रान, वरनं दिसणारी छपरं... माणसं येत होती, "बाई सुखानं गेल्या" म्हणत होती. मला राग येत होता. सुखानं कसल्या? त्यांचं काम अर्धं राहिलं होतं, आणि ते कुणामुळं राहिलं हे मला पक्कं ठाऊक होतं.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर बरोबरीच्या बायका जोतिबाचे खेटे घालू लागल्या, वहिनींनी जनगणनेचे तक्ते धरले. गावोगावचे आकडे सरकारच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात, हे त्या इतक्या आनंदानं सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं साड्यांचा सेल लागलाय. घरी कुणीही येवो, जावई असो की गॅसवाला, त्याला कॉम्प्युटरसमोर बसवायच्या, उपग्रहाचा नकाशा उघडायच्या आणि म्हणायच्या, "आधी घर दाखव, मग चहा." आमचे एक व्याही रंकाळ्याजवळचं स्वतःचं घर शोधता शोधता पार कळंब्यात जाऊन पोचले. त्यांचा चहा उकळून आटला, पण वहिनींनी सोडलं नाही.

संगीता ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, गगनबावड्याकडच्या एका वाडीत दिलेली. वाडी आणि रस्ता यांच्या मधे ओढा. पावसाळाभर पोरींची शाळा बंद, बाळंतिणीला डोलीत घालून लांबच्या वाटेनं न्यायचं. मागणी काय, तर ओढ्यावर साकव, म्हणजे चालत जाण्यापुरता पूल, बांधून द्या. बांधकाम खात्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी संगीताला सांगितलं, या वस्तीची वेगळी लोकसंख्या रेकॉर्डला नाही, आणि नकाशावर रस्ता तर जवळच दिसतोय. हे ऐकून वहिनी पेटल्या. "पट्टी ठेवली की सगळंच जवळ दिसतं. बाळंतीण काय पट्टीवरनं चालत जाणार हाय?"

जनगणनेत आकडा अख्ख्या गावाचा, वाड्या त्यात मिसळलेल्या. म्हणून वहिनींनी गावाचा तक्ता काढला, नकाशा उघडला आणि संगीताला फोनवर धरून एकेक छप्पर मोजायला घेतलं. मोठमोठी छपरं सापडली तशा त्या खूश. तिकडं संगीता हसायला लागली. "बाई, त्यात म्हसरं असत्यात. माणसं फणसाखाली हायत, तुमास्नी वरनं दिसायची न्हाईत." आमच्याकडं म्हशीला ऐसपैस जागा आणि माणूस अडचणीत, हे जन्मभर कोल्हापुरात राहिलेल्या भूगोलाच्या बाई विसरल्या होत्या. स्वतःवरच पोटभर हसल्या. "हे असंच घेऊन गेले असते तर त्या साहेबानं सगळंच खोटं ठरवलं असतं," म्हणाल्या. पुसून पुन्हा सुरुवात केली. घर, घरातली माणसं, ओढ्याची वाट, आणि खाली वाडीतल्या बायकांच्या सह्या नि अंगठे.

कार्यालयात त्यांना मीच घेऊन गेलतो. साहेब कागद न बघताच म्हणाले, "बाई, तुमचं वय आता देवदर्शनाचं." वहिनी खुर्चीत आणखी रेलल्या. "देव कुठं पळून जात न्हाई. तक्ता तुमच्या सरकारचा, नकाशा सगळ्या जगाला उघडा. माझं नुसतं बोट हाय. आता तुमचं बोट ठेवा आणि सांगा, ही माणसं ओढा कुठनं ओलांडत्यात?" साहेबांनी बोट ठेवलं नाही. "बघू," म्हणाले. त्यानंतर किती खेपा झाल्या... दर खेपेला तेच. जिना चढताना वहिनींना दम लागायचा, कठडा धरून उभ्या राहायच्या, आणि मी परत चला म्हटलं की डोळे वटारायच्या. मला त्यांची फार आठवण येते. आणि आली की आधी रडू येत नाही, संताप येतो.

परवा ते साहेब घरी भेटायला आले. "फार जिद्दीच्या होत्या हो बाई," म्हणाले. साकवाचं काय विचारलं तर पुन्हा "बघू". दादा बिचारा चहा ठेवायला आत गेला. मी उठलो, कॉम्प्युटर लावला, वहिनींची खुर्ची पुढं ओढली. "साहेब, या घरची एक पद्धत हाय. आधी वाडी दाखवा, मग चहा." ते अवघडून बसले. बराच वेळ रान इकडंतिकडं सरकवलं. ओढा सापडला तसं तोंड उजळलं. एका मोठ्या छपरावर बोट टेकवून म्हणाले, "ही बघा तुमची वाडी."

"तो गोठा हाय साहेब," मी म्हणालो. "माणसं फणसाखाली हायत. शोधा की, आम्हाला घाई न्हाई."

आणि आत जाऊन मी गॅस बंद केला.