बिशपाचं मरण

मी कुवेतच्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. त्याआधी, वसईला असताना, सहा वर्षं सेमिनरीत होतो. धर्मगुरू व्हायला गेलो आणि अर्ध्यावर बाहेर पडलो. हाती लागली ती फक्त लॅटिन. कुवेतच्या अबू हलीफा भागातल्या फ्लॅटमध्ये लॅटिनचं काय करायचं?

म्हणून एका माणसाचं चरित्र लिहायला घेतलं. पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला एक बिशप. जन्माने चांभाराचा पोरगा. ग्रीक शिकला, मठांच्या माळ्यांवर कुजत पडलेली हस्तलिखितं शोधून हाताने उतरवून काढली. जिभेवर साखर, म्हणून पोपने त्याला वकील करून राजेरजवाड्यांकडे पाठवलं. त्याची पत्रं मला इंटरनेटवर मिळाली. शुक्रवारी सुट्टी, चर्चमधली मिस्सा झाली की मी जेवणाच्या टेबलावर बसायचो. सात वर्षं बसलो.

आमचे विभागप्रमुख डॉक्टर पुण्याचे, राहायला सलव्याला. मराठी मंडळात त्यांच्या शब्दाला वजन. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी हे बोलून गेलो.

"अहो, मग दाखवा की!" ते म्हणाले. "आपल्या लोकांत असं काम करतंय कोण?"

सात वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. शेवटचं प्रकरण मनासारखं उतरलं नव्हतं, तेवढं सोडून बाकी सगळं त्यांना मेल केलं. चार महिने उत्तर नाही. मग मंडळाचं निमंत्रण आलं. दस्मानजवळच्या हॉटेलात व्याख्यान, विषय माझा बिशप, वक्ते आमचे डॉक्टर.

"तुला स्टेजवर बोलावतील," बायको म्हणाली. "तो निळा शर्ट घाल."

हॉल भरला होता. डॉक्टर छान बोलले. वाक्यं माझी होती. 'विद्येची भूक पोटाच्या भुकेइतकीच निर्लज्ज असते' हे मी एका शुक्रवारी चार वेळा खोडून लिहिलं होतं. त्यावर टाळ्या पडल्या. माझी मुलगी इथेच वाढलेली, मराठी समजते पण बोलत नाही. ती कानाशी वाकून म्हणाली, "डॅड, दॅट्स युअर लाइन."

"गप्प बस," मी म्हणालो.

शेवटी डॉक्टरांनी आभार मानले. मंडळाचे, हॉटेलचे आणि "टायपिंगला मदत करणाऱ्या आमच्या एका टेक्निशियन मित्राचे." मग प्रश्न विचारायला सांगितलं. माझा हात आपसूक वर गेला.

"डॉक्टर, तो मेला कसा?"

त्यांनी हातातले कागद चाळले. "शांतपणे. आपल्या ग्रंथांच्या सहवासात."

थाप होती. तो परमुलखातल्या एका धर्मशाळेत तापाने मेला. वाटाघाटी फिसकटल्या होत्या, आणि ग्रंथांच्या पेट्या धर्मशाळेवाल्याने भाड्यापोटी ठेवून घेतल्या होत्या. हे मी तिथे उभं राहून सांगू शकलो असतो. खाली बसलो.

गाडीत बायको म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलायचं होतंस."

"आणि अहवालाचं काय?" माझ्या वार्षिक अहवालावर डॉक्टरांची सही लागते. तो बिघडला की नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर इकामाही, म्हणजे या देशात राहायचा परवाना. मुलीचं बारावीचं वर्ष. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. त्या वयात तिला बाप कसा दिसला असेल, हे मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. जरा अवघडले असतील असं वाटलं होतं. छे.

"पुस्तक करतोय हो. पुण्यात प्रकाशक तयार आहे. ते शेवटचं प्रकरण तेवढं पाठवा."

"नाही पाठवलं तर?"

"तर मी लिहीन की. एका म्हाताऱ्याचं मरण, त्यात कठीण काय?"

ते धमकावत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला सोसवेना. सात वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याला यांनी उशाशी ग्रंथ ठेवून गोडगोड मारलं असतं. दोन शुक्रवार बसून मी प्रकरण पुरं केलं. ताप, धर्मशाळा, पेट्या, सगळं जसं घडलं तसं. आणि पाठवून दिलं.

पुस्तक त्यांच्या नावाने निघालं. शेवटच्या प्रकरणाचं विशेष कौतुक झालं म्हणे. एक प्रत त्यांनी मला भेट दिली. मी "थँक्यू, डॉक्टर" म्हणालो. त्यानंतर लॅटिनला हात लावलेला नाही.