'त्रास नाही' अशी खूण

शहरातला उन्हाळा आणि पत्र्याच्या खोल्यांत राहणारी माणसं, या विषयावर पुढे शिकायचं म्हणून मी अर्ज भरते आहे. 'या विषयाकडे का वळलात?' या प्रश्नाखाली अर्धं पान मोकळं आहे. तीनदा लिहिलं, खोडलं. खरं लिहायचं तर अक्कांबद्दल लिहावं लागेल.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चिटगुप्प्याजवळच्या खेड्यातून बिदरला आले आणि तिथल्या मैलूर भागात खोली घेतली. शेजारच्या खोलीत अक्का ज्वारीच्या भाकरी करून खानावळींना द्यायच्या. दोन्ही खोल्यांवर सलग पत्रा, मध्ये पातळ भिंत. पहाटे त्यांच्या थापण्याच्या आवाजानेच जाग यायची. दुपारी परत यावं, तर तो चालूच.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात कॉलेजने आम्हाला घरोघरी पाहणीला धाडलं. पहिला फॉर्म अक्कांचा. दारातूनच विचारलं, "अक्का, उन्हाचा काही त्रास व्हतो का?"

"एवढं शिकून मला हेच इचारायलीस व्हय?" त्या हसल्या. "आत ये. चुलीम्होरं बस घटकाभर, मग तूच लिही."

"लई फॉर्म राहिलेत अक्का. सांगा ना."

"न्हाई गं बाई. सवय झाली."

मी 'त्रास नाही'वर खूण केली. माझी आई अंगात ताप असला तरी 'काई न्हाई' म्हणते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी केली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, मी वाचत बसले होते. थापण्याचा आवाज थांबला. मला बरं वाटलं. आता नीट वाचता येईल म्हणून. बऱ्याच वेळाने भाकरी करपल्याचा वास आला. अक्का चुलीपाशी कलंडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. उन्हानेच गेल्या असं मी म्हणू शकत नाही. पण दार ढकलताना लोखंडी कडीने माझा हात पोळला होता.

फॉर्म बदलायला गेले, तर सर हळूच म्हणाले, "अहवाल कधीच पाठवला गं."

त्या अहवालात अक्का अजून आहेत, आणि त्यांना काही त्रास नाही.

आता तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. भिंतीपलीकडे जरा शांत झालं की मी पुस्तक ठेवते, उठते, त्यांच्या दाराशी जाते.

"कामून आलीस?" तिथली बाई विचारते.

"काई न्हाई," मी म्हणते, आणि आत जाऊन बसते.