झाकणातला वाटा

कुंदा सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर भागातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची काडी सरळ करत होते. फोन सिस्टरच्या भावाचा. "आक्का गेली," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी काडी सरळ केली, चष्मा आजोबांच्या नाकावर नीट बसतो का ते पाहिलं आणि मग आतल्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला, पूर्वाला, कळवायला हवं होतं. पण तिची जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती. आत्ता सांगितलं तर ती जेवणार नाही, आणि जेवली नाही तर दुपारची गोळी घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. आधी डबा, मग गोळी... ही सवय तिला सिस्टरनीच लावलेली. म्हणून थांबले. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, मी त्यांना फ्रेमा दाखवत होते, आणि सिस्टर गेल्या हे अख्ख्या दुपारभर एकटीनंच सांभाळत होते.

कुंदा सिस्टर पूर्वाच्या शाळेत नर्स होत्या. उमरेडकडच्या खेड्यातल्या शेतकरी घरातल्या, बिनलग्नाच्या, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला खरचटलेला गुडघा ऐकूनच बरा व्हावा. पूर्वा चौथीत असताना डॉक्टरांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे म्हणून सांगितलं आणि सकाळी घरी एक, दुपारी शाळेत एक अशी गोळी लिहून दिली. दुपारची गोळी म्हणजे सिस्टरचा प्रांत. अशा गोळ्या घेणारी शाळेत आणखीही मुलं होती आणि त्यांच्या आईबापांच्या एकेक मागण्या... एकाला परीक्षेच्या आठवड्यात पोराला दोन-दोन गोळ्या द्यायला हव्या होत्या. एक आई म्हणे, लाडवात दडवून द्या, त्याला कळायला नको. एक बाई तर माझ्यादेखत आली आणि म्हणाली, आमच्या संपल्या, या मुलीच्या पाकिटातली एक द्या, सोमवारी आणून देते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे काय विरजण आहे का वं, शेजारून मागाले?" बाई हसली, मीही हसले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

आमच्या घरी मात्र तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. गोळी सुरू झाल्यापासून पूर्वा वर्गात बसायला लागली, पण डबा भरलेलाच परत यायला लागला. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागले. हुडकेश्वरच्या आमच्या दोन खोल्यांत एका वेळी चार गोष्टी सांगणारी पोरगी संध्याकाळी भिंतीला टेकून नुसती बसून राहायची. तिचे बाबा हिंगण्याला कंपनीत. पाळी संपवून आले की तिच्याकडे बघत राहायचे आणि मला विचारायचे, "माही पोरगी कुठं गेली?" मी चष्म्याच्या दुकानातली बाई. नंबर लागला की चष्मा लावतोच ना आपण, हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावर ते म्हणायचे, "चष्म्यानं भूक मरत नाही." मग मी आवाज चढवायचे. मला गोळी बंद होऊ द्यायची नव्हती. वर्गात उभं केलेली, बाकाबाहेर काढलेली, वाढदिवसाला कुणी न बोलावलेली पूर्वा मी पाहिली होती. ते दिवस परत येतील या भीतीनं माझी झोप उडायची.

एक दिवस दुकानात सिस्टरचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, तुमचे मिस्टर आले होते. म्हणत होते, तिले साधी विटामिनची गोळी द्या अन् तिच्या आईले सांगू नका." मी पेटलेच. पण त्या शांतपणे पुढे म्हणाल्या, "मी त्यायले सांगतलं, तुमच्यापासून लपवून मी काही करत नाही. अन् हा फोन करून राहिली, तेही त्यायले सांगूनच. उद्या दोघंही या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या खोलीत लोखंडी कॉटवर शेजारी शेजारी, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसलो. डेटॉलचा वास होता. सिस्टरनी पूर्वाला बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "पोरी, गोळी घेतली का तुले कसं वाटते? आईबाबाकडे पाहू नको, मले सांग." पूर्वानं माझ्याकडे पाहिलंच. मग बोलली. "गोळी घेतली का बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू येते. पण मंग जेवावंसं नाही वाटत. अन् बाबा म्हणते मी हसत नाही." तिचे बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. मी पदर चाचपत राहिले. सिस्टर आम्हाला म्हणाल्या, "ऐकलं? दोघंही खरंच बोलून राहिले तुमी. मंग भांडता काहून? डॉक्टरकडे दोघं जा अन् दोघांचंही सांगा. गोळी किती द्याची ते डॉक्टर ठरवतीन. जेवणाचं माझ्यावर सोडा."

डॉक्टरांनी मात्रा कमी केली. आणि सिस्टरनी जेवणाचं काय केलं, तर दुसऱ्याच दिवसापासून पूर्वाला डबा घेऊन खोलीत बोलावलं. डब्याचं झाकण उलटं करून पुढे धरलं आणि म्हणाल्या, "माझा वाटा काढ. मले एकटीनं जेवाले नाही आवडत. पण मी जेवढं जेवली तेवढं तुले जेवा लागन." पूर्वा मोठी हिशेबी. सिस्टरनी कमी खाऊ नये म्हणून पहारा ठेवायची, आणि त्या नादात स्वतः जेवायची. मग पाणी, मग गोळी. हे सगळं ती घरी येऊन आम्हा दोघांना सांगायची. वर्गातल्या मुलींना वाटायचं की सिस्टरनी हिला जेवायला निवडलंय. त्या जळायच्या. गोळीबद्दल कुणी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून मी डब्यात दोघींचं भरू लागले. सिस्टरचा गुरुवार असायचा, हे पूर्वानं सांगितल्यावर गुरुवारी साबुदाण्याची उसळ. आलूची भाजी तिखट झाली तर दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, "आईले सांग, मिरची आपल्या घरची आहे का इकत आणली?" माझ्या हातच्या भाजीला इतक्या मनापासून नावं ठेवणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. आता भाजी कितीही तिखट झाली तरी कुणी काही बोलत नाही... मला ते फार लागतं.

निवृत्त झाल्यावर सिस्टर गावी भावाकडे राहायला गेल्या. शेवटची भेट उन्हाळ्यातली. मी उसळ नेली होती. झाकण उलटं करून वाटा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. एक घास घेऊन त्यांनी झाकण माझ्याकडे सरकवलं. "आता नाही जात वं ताई. तू जेव." मी हट्ट केला, त्यांचीच अट त्यांना ऐकवली. त्या नुसत्या हसल्या. अट त्यांनी घालावी तेव्हाच ती चालायची, माझ्या तोंडून नाही चालली.

गेल्या रविवारी पूर्वा आली आणि आम्ही तिघं सिस्टरच्या गावी गेलो. भावानं चहा दिला, सिस्टरची खाट दाखवली. परतताना फाट्यावर एस.टी.ची वाट बघत निवाऱ्यात बसलो. ती जेवली नव्हती, म्हणून मी डबा काढून तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, उलटं केलं, पोळी आणि आलूची भाजी त्यात काढली आणि झाकण समोर धरलं. समोर कुणी नव्हतं. तिच्या लक्षात आलं तसा तिचा हात थांबला. डोळे भरले. तिनं डबा बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "नको आई. आज राहू दे." मला सिस्टर हव्या होत्या. त्या क्षणी, त्या बाकावर, त्यांचा तो आवाज हवा होता.

तिचे बाबा उठले. शेजारून तिच्या समोर येऊन उकिडवे बसले, तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि पोळीचा घास तोडला. खाली बघत म्हणाले, "मले एकटीनं जेवाले... एकट्यानं जेवाले नाही आवडत. तू जेव. मी जेवतो तेवढं तुले जेवा लागन."

पूर्वानं त्यांच्याकडे पाहिलं. मग डबा मांडीवर घेतला. दोघं जेवले, झाकण पुसून झाल्यावर तिनं पर्समधून गोळी काढली, आणि मी बाटली पुढे केली.